मंगळाच्या कडेवरची रेघ

पुण्याला आमच्या घरी, टीव्हीच्या वरच्या भिंतीवर, वर्षभर एक फोटो टांगलेला होता. मंगळाचा. मी काढलेला. बाबांनी तो मोठा करून घेतला, सोनेरी पट्टीची फ्रेम केली आणि आल्यागेल्या प्रत्येकाला दाखवला. "इंग्लंडात घरामागच्या अंगणातून काढलाय त्याने. ती कडेची रेघ बघा. मंगळावरचं धुकं आहे ते!" दूधवाल्यापासून मावसकाकांपर्यंत सगळ्यांनी ते धुकं पाहिलं आणि माना डोलावल्या.

अडचण एवढीच होती, की ती रेघ मंगळावर नव्हतीच.

तर आज ही गोष्ट त्या रेघेची. पण ती सांगायची तर दीडशे वर्षं मागे जावं लागेल, कारण मंगळावर नसलेली रेघ काढणारा मी पहिला नव्हे. माझ्याआधी फार मोठमोठी माणसं त्या रांगेत उभी आहेत. (असल्या रांगेत उभं राहण्याचाही एक आनंद असतो म्हणा!)

आधी माझा गुन्हा सांगतो. मंगळ साधारण सव्वीस महिन्यांनी पृथ्वीच्या जवळ येतो. ८ डिसेंबर २०२२ ला त्याची प्रतियुती होती आणि त्या वेळी तो इंग्लंडच्या आकाशात चांगला साठ अंशांवर चढत होता. इथे ग्रह बहुधा समोरच्या घरांच्या धुराड्यांना घासत जातात, त्यामुळे अशी संधी सोडवत नाही. बाहेर उणे चार. हातमोजे घालून लॅपटॉप चालत नाही आणि काढले तर बोटं चालत नाहीत. माझी आठ इंची दुर्बीण, तिच्यामागे एक छोटा कॅमेरा, आणि शेजारी चहाचा थर्मास.

ग्रहांचे फोटो हल्ली 'काढत' नाहीत, गाळतात. आपल्या डोक्यावरची हवा उकळत्या पाण्यासारखी सतत हलत असते, त्यामुळे ग्रहाचं चित्रही हलतं. मग दोन-तीन मिनिटांत हजारो चित्रांची फिल्म घ्यायची. हवा क्षणभर स्थिर झाली तेव्हाची चांगली चित्रं संगणक निवडतो, एकमेकांवर बरोबर बसवतो आणि त्यांची सरासरी काढतो. म्हणजे गोंगाट कमी होतो. आणि मग शेवटची पायरी, जिच्यात सगळी गंमत आणि सगळं पाप आहे : चित्र धारदार करणं. पडद्यावर सरकपट्ट्या असतात. उजवीकडे सरकवत गेलं की पुसट डागांना कडा येतात, कडांना धार येते, आणि माणसाला वाटतं की आपण पडदा बाजूला सारतोय.

माझी पीएचडी संकेतांवरच्या प्रक्रियेतली. सरासरी, गाळण्या, धार यांचं गणित मी विद्यार्थ्यांना शिकवलेलं आहे. हे मुद्दाम सांगतोय, म्हणजे पुढे माझ्यावर दया दाखवू नये. त्या रात्री मी सरकपट्टी सरकवत गेलो आणि मंगळाच्या एका कडेला एक उजळ किनार आणि तिच्या आत एक काळसर, सुबक, वाटोळी रेघ उमटली. मंगळाच्या कडेवर खरोखरच धुकं आणि ढग दिसतात, हे वाचलेलं होतं. झालं! मला हवं ते मिळालं. पहाटे तीन वाजता फोटो पुण्याला रवाना.

जानेवारीत आमच्या हौशी मंडळाच्या बैठकीत तोच फोटो दाखवला. मंडळ म्हणजे काय, तर चर्चच्या मागचा एक हॉल, पंचवीस-तीस खुर्च्या, चहा, बिस्किटं. निवृत्त पोस्टमन, शाळामास्तर, एक बस ड्रायव्हर, दोन कॉलेजची मुलं आणि मी. प्रत्येक फोटोवर चर्चा होते. निळा जास्त झालाय का, ध्रुवावरची टोपी भाजून निघाली आहे का, हा डाग खरा का. माझ्या फोटोला टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतून एक आजोबा उठले. आयुष्यभर छापखान्यात रंगीत छपाई केलेला माणूस. त्यांनी चष्मा वर केला, पडद्याजवळ येऊन पाहिलं आणि शांतपणे विचारलं,

"ही रेघ मंगळावर आहे, की तुझ्या कॉम्प्युटरवर?"

मी धुक्याबद्दल बोलू लागलो. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "असेल. मग मूळ सरासरीचं चित्र दाखव, धार न लावलेलं." ते मी आणलं नव्हतं. खरं सांगायचं तर मी ते त्या रात्रीनंतर उघडूनही पाहिलं नव्हतं. चहाच्या वेळी ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस. हा जुना रोग आहे. ग्रीनची चित्रं पाहिलीस कधी?"

पाहिली नव्हती. पाहिली, आणि मग दोन महिने त्याच नादात गेले.

साल १८७७. मंगळ पृथ्वीच्या फार जवळ आला होता. दोन माणसं दोन ठिकाणांहून त्याच्याकडे बघत होती. मिलानच्या ब्रेरा वेधशाळेत जिओव्हानी स्कियापारेल्ली. हा मुळात ट्यूरिन विद्यापीठातून बाहेर पडलेला इंजिनियर, जलव्यवस्थापन आणि वास्तुरचना शिकलेला. दुर्बीण सुमारे २२ सेंटिमीटर व्यासाची. आणि अटलांटिकमधल्या मदेरा बेटावर नॅथॅनिएल ग्रीन. हा लंडनचा चित्रकार, माणसांची व्यक्तिचित्रं काढून आणि चित्रकला शिकवून पोट भरणारा. राणी व्हिक्टोरियालाही त्याने चित्रकलेचे धडे दिले होते. खगोलशास्त्र ही त्याची हौस. स्वच्छ हवा मिळावी म्हणून तो तेरा इंची दुर्बीण जहाजावर घालून मदेराला घेऊन गेला. म्हणजे एक व्यावसायिक आणि एक हौशी, एक इंजिनियर आणि एक चित्रकार, आणि समोर मॉडेल म्हणून तोच मंगळ!

स्कियापारेल्लीने इंजिनियर जे करेल तेच केलं. आधी मंगळावरच्या ६२ जागा सूक्ष्ममापकाने मोजून पक्क्या केल्या आणि मग त्यांच्याभोवती नकाशा आखला. कडा स्वच्छ, रेषा ठाम. त्या रेषांना त्याने इटालियनमध्ये 'कानाली' म्हटलं. त्याचा अर्थ प्रवाह, नैसर्गिक चर असाही होतो, पण इंग्रजीत त्याचे कालवे झाले; आणि कालवा म्हटला की तो खणणारा कोणीतरी आलाच. ग्रीनने मात्र काय काढलं? मऊ छटा. एका रंगातून दुसऱ्या रंगात विरघळत जाणारे पट्टे. रेषा जवळजवळ नाहीतच. त्याचं म्हणणं असं होतं, की पुसट छटांच्या सीमा स्कियापारेल्लीने रेषा म्हणून काढल्या असाव्यात.

इंग्लंडमधला टी. डब्ल्यू. वेब नावाचा एक पाद्री त्या काळच्या हौशी मंडळींचा गुरू होता. त्याने दोघांच्या कामाची तुलना करताना जे सांगितलं त्याचा आशय असा : एकाने मंगळाची तसबीर रंगवली, दुसऱ्याने नकाशा आखला. त्याने हेही नोंदवलं की स्कियापारेल्लीला रंगांधत्वाची अडचण होती. म्हणजे ज्याला रंग नीट दिसत होते त्याला रेषा दिसल्या नाहीत, आणि ज्याला रंग नीट दिसत नव्हते त्याला रेषाच दिसल्या! मी इंजिनियर असल्यामुळे हे वाचून थोडा वेळ गप्पच बसलो.

यात कोणी खोटं बोलत नव्हतं, हे लक्षात घ्या. अडचण किती मोठी होती याचा हिशोब करू. एका अंशाच्या ३६०० व्या भागाला विकला म्हणतात. त्या वर्षी मंगळाची थाळी होती सुमारे २५ विकला. म्हणजे २५ मिलिमीटरचं नाणं दोनशे मीटरवर धरलं तर जेवढं दिसेल तेवढी. २२ सेंटिमीटरच्या दुर्बिणीला, हवा अगदी स्थिर असली तरी, अर्ध्या विकलेपेक्षा बारीक काही वेगळं करता येत नाही. म्हणजे मंगळाच्या आडव्या व्यासात उणेपुरे पन्नास ठिपके. आणि तेही क्षणभर. एवढ्या भांडवलावर डोळा आणि मेंदू मिळून चित्र पूर्ण करतात. ठिपके जोडायची मेंदूला सवयच आहे. ढगात हत्ती दिसतो तो असाच.

पुढे १८९४ साली पर्सिव्हल लोवेल या बॉस्टनच्या धनिकाने ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफला स्वतःची वेधशाळा उभारली आणि शेकडो कालव्यांचं जाळं आखलं. सुकत चाललेल्या ग्रहावरचे हुशार लोक ध्रुवावरचं पाणी विषुववृत्ताकडे नेताहेत, अशी त्याची कल्पना. शिवाय त्याला आणि इतरही अनेकांना मंगळावरचे काळसर भाग हिरवट दिसत. हिरवट म्हणजे झाडी!

इथे रंगाची गंमत येते, आणि ती मला त्या छापखान्यातल्या आजोबांनी बिस्किटाच्या पुड्यावर करून दाखवली. केशरी पुड्यावर करड्या कागदाचा तुकडा ठेवला. करडा रंग जरा हिरवट-निळसर दिसू लागला. तोच तुकडा पांढऱ्या बशीवर ठेवला, तर नुसताच करडा. शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ साली यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. तो पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता आणि तिथल्या काळ्या लोकरीचा रंग फिका दिसतो अशी तक्रार आली होती. त्याने शोधून काढलं की दोष रंगात नाही, शेजारच्या रंगात आहे. (सासरच्या माणसांबद्दल असंच म्हणतात, पण तो वेगळा विषय.) मंगळाच्या केशरी वाळवंटाशेजारचे करडे भाग हिरवे दिसण्यात या परिणामाचा मोठा हात होता. म्हणजे फसवणूक तपशिलात होते तशीच रंगातही होते.

मग हे उघडकीला आणलं कोणी? बऱ्याच अंशी हौशी लोकांनीच. १८९० साली ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन स्थापन झाली, मुख्यतः हौशी निरीक्षकांसाठी. तिच्या संस्थापकांत ग्रिनिच वेधशाळेतला वॉल्टर मॉन्डर होता. नॅथॅनिएल ग्रीन पुढे तिचा अध्यक्षही झाला. १९०३ साली मॉन्डरने ग्रिनिचच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकाला बरोबर घेऊन एक साधा प्रयोग केला. फळ्याजवळ मंगळाचं एक चित्र लावलं. त्यात सरळ रेषा नव्हत्या; नुसते ठिपके, वेड्यावाकड्या खुणा, छटा. वर्गातल्या मुलांना सांगितलं, दिसतं तसं काढा. पुढच्या बाकांवरच्या मुलांनी ठिपके काढले. अगदी मागच्यांना काहीच दिसलं नाही. आणि मधल्या बाकांवरच्या मुलांनी... सरळ रेषा काढल्या! जिथे दिसणं आणि न दिसणं यांची सीमा असते, तिथेच कालवे उगवतात. लोवेलने या 'पोरांच्या सिद्धान्ता'ची खिल्ली उडवली. पण मला विचाराल तर एवढ्या कमी खर्चात एवढं मोठं काम करणारे प्रयोग थोडेच.

मला सगळ्यात आवडतो तो युजीन अँटोनियाडी. असोसिएशनच्या मंगळ विभागाचा प्रमुख. सुरुवातीच्या वर्षांत याच्याही नकाशांत कालवे होते. २० सप्टेंबर १९०९ च्या रात्री पॅरिसजवळच्या म्यूदोंच्या ८३ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून त्याने मंगळ पाहिला. हवा विलक्षण स्थिर होती. कालवे विरघळले. त्यांच्या जागी असंख्य ओबडधोबड, नैसर्गिक डाग. स्वतःच्या जुन्या चित्रांविरुद्ध त्याने जाहीरपणे लिहिलं. आणि आणखी एक गोष्ट त्याच्या नावाने राहिली. हवा किती स्थिर होती हे सांगणारी एक ते पाच अशी श्रेणी. एक म्हणजे उत्तम, पाच म्हणजे चित्र काढायच्या लायकीचीच नाही. आजही हौशी निरीक्षक चित्राखाली तारीख, वेळ, दुर्बीण आणि ही श्रेणी लिहितात. म्हणजे चित्राबरोबर चित्राचा भरवसा किती, तेही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं डोळ्यांच्या जमान्यातलं. पुढे यानं गेली, प्रश्न मिटला. नाही हो! जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ मंगळाजवळून गेलं. त्याने पाठवलेल्या चित्रांत कालवे नव्हते, विवरं होती. पण चित्र पडद्यावर यायला वेळ लागत होता, म्हणून कॅलिफोर्नियातल्या उतावळ्या इंजिनियरांनी आलेले आकडे कागदाच्या पट्ट्यांवर छापले, त्या पट्ट्या भिंतीवर चिकटवल्या आणि आकड्यांप्रमाणे पेस्टल खडूने रंगवल्या. तपकिरी, तांबडा, पिवळा. रंग फक्त उजळपणा दाखवायला होते. यानाच्या चित्राला रंगच नव्हता. तरी ते रंगवलेलं चित्र बघताना हा मंगळाचा खराच रंग, असं वाटल्यावाचून राहत नाही.

जुलै १९७६ मध्ये व्हायकिंग १ मंगळावर उतरलं. पहिलं रंगीत चित्र घाईने जुळवलं गेलं आणि त्यात आकाश निळसर आलं. नंतर रंग नीट तपासले तर आकाश गुलाबी-पिवळट निघालं, हवेतल्या धुळीमुळे. हे जाहीर केलं तेव्हा जमलेल्या पत्रकारांनी चक्क हुर्यो केली. लोकांना निळं आकाश हवं होतं, घरच्यासारखं.

आणि शेवटचं उदाहरण नेपच्यूनचं. आपण शाळेपासून नेपच्यून गडद निळा पाहिला आहे. ते चित्र व्हॉयेजर २ ने १९८९ साली घेतलेल्या चित्रांतलं. ढग उठून दिसावेत म्हणून त्यातला फरक ताणलेला होता, आणि तसं तेव्हा सांगितलंही होतं. जानेवारी २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या पॅट्रिक अर्विन आणि सहकाऱ्यांनी रंगांचा पुन्हा हिशोब मांडून दाखवलं, की नेपच्यून युरेनससारखाच फिकट हिरवट-निळा आहे, फक्त किंचित जास्त निळा. तीस-पस्तीस वर्षांत झालं काय, तर चित्र टिकलं आणि खालची टीप गळली.

हे वाक्य मी लिहिलं आणि मला पुण्यातली फ्रेम आठवली.

कारण माझ्या रेघेचा निकाल तोपर्यंत लागून वर्ष झालं होतं. आजोबांनीच तपासणी सुचवली होती. "दुर्बिणीचं तोंड लहान कर आणि पुन्हा काढ. रेघ मंगळाची असेल तर जागची हलणार नाही. दुर्बिणीची असेल तर हलेल." आईने पाठवलेल्या दिवाळीच्या फराळाचं खोकं होतं. त्याच्या पुठ्ठ्याला पंधरा सेंटिमीटरचं गोल भोक पाडलं आणि तो दुर्बिणीच्या तोंडावर बसवला. त्याच महिन्यातल्या एका स्वच्छ रात्री दोन फिल्म घेतल्या, एक पुठ्ठ्यासह, एक पुठ्ठ्याशिवाय. दोन्हींवर तीच प्रक्रिया केली. पुठ्ठा लावलेल्या चित्रात रेघ जाड झाली आणि आत सरकली.

मंगळावरचं धुकं काही माझ्या चकलीच्या खोक्याला भिऊन सरकणार नव्हतं!

कारण सोपं आहे. प्रकाश दुर्बिणीच्या गोल तोंडातून येताना किंचित पसरतो आणि उजळ थाळीच्या कडेशी बारीक लहरी तयार करतो. दिसणारही नाहीत एवढ्या पुसट. धार लावताना आपण त्यांनाच खतपाणी घालतो. तोंड लहान, तर लहर रुंद. हे समीकरण मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! पण त्या रात्री मला समीकरण नको होतं, धुकं हवं होतं. स्कियापारेल्लीला पन्नास ठिपके मिळाले होते, मला हजारो चित्रं मिळाली होती; पण मधल्या बाकावर आम्ही दोघेही बसलेलो होतो.

फेब्रुवारीच्या बैठकीत मी दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी लावून दाखवली. पुन्हा टाळ्या पडल्या, डिसेंबरच्या फोटोपेक्षा थोड्या जास्तच. मंडळासमोर कबूल करणं सोपं गेलं. बाबांना सांगणं नाही. दर रविवारी फोन व्हायचा, फ्रेमच्या मागून कोणीतरी "वा!" म्हणायचं, आणि मी विषय बदलायचो. एक वर्ष. नेपच्यूनची बातमी आली तेव्हा म्हटलं, आता पुरे.

सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग बाबा म्हणाले, "अरे, मी पन्नास जणांना तरी सांगितलंय."

"मला माहितेय, बाबा."

"मग नवीन पाठव. फ्रेम तीच वापरतो."

नवीन पाठवला. जरा मऊ, जरा पुसट, कडेला काही नाही. खाली पांढऱ्या पट्टीवर बारीक अक्षरांत तारीख, वेळ, दुर्बीण, हवा तीन. महिन्याभराने सुट्टीत घरी गेलो तर भिंतीवर फोटो होता, पट्टी नव्हती. फ्रेमवाल्याने मापात बसेना म्हणून ती कापून टाकली होती. मी काही बोलणार, तेवढ्यात बाबांनी फ्रेम खिळ्यावरून उतरवली आणि उलटी करून माझ्यापुढे धरली. मागच्या पुठ्ठ्यावर बॉलपेनने, त्यांच्या ठसठशीत अक्षरात, सगळं लिहून ठेवलं होतं. आणि खाली एक ओळ स्वतःची : 'आधीच्या फोटोतील रेघ चुकीची होती.'